पाडव्याला एकदम

अब्बांच्या दुकानात मधातच पैसे देणं म्हणजे त्यांचा अपमान करणं होतं.

मोटारी भरायचं दुकान होतं त्यांचं, उमरखेडला, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. विहिरीवरची जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी भरून द्यायची. आमच्याकडची लाईट अशी, की आली तरी अर्ध्या जिवाची. शेतकऱ्यांच्या मोटारी जळायच्या आणि त्यावर आमची चूल पेटायची. गिऱ्हाईक हंगामभर मोटारी भरून न्यायचं आणि पैसे द्यायचं गुढीपाडव्याला, एकदम. तोवर कापूस विकून झालेला असतो, सालदाराचं साल संपतं, सगळ्या गावाचे हिशोब त्याच दिवसांत मिटतात. पाडव्याला अब्बा धुतलेला पांढरा सदरा घालून सकाळपासून दुकानात बसत. खुंटीला साखरेच्या गाठ्या टांगलेल्या असत. जो हिशोब चुकता करेल त्याच्या हातात एक गाठी. मुसलमानाच्या दुकानात गाठ्या कशा, असं कधी कोणी विचारलं नाही. आजोबांपासून चालत आलं होतं ते.

आणि कोणी दिवाळीलाच चार नोटा घेऊन आला, तर अब्बा हात मागे घेत. "काहून बाप्पा? काय चुकलं माहं?" असं विचारत. कारण मधात हिशोब मिटवायचा म्हणजे खातं बंद करायचं, आता दुसऱ्या मिस्त्रीकडे जायचं, असाच त्याचा अर्थ. जवळच्या तांड्यावरचे एक बंजारा काका होते, अब्बांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांनी एकदा संक्रांतीलाच पैसे आणले. घरात लग्न होतं, हातचे खर्च होऊन जातील म्हणून. अब्बांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले, लग्नाची पत्रिका दाखवली, तेव्हा कुठे चेहरा सरळ झाला.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून शहाणे लोक हसतात आणि मला राग येतो. राग मला तसाही लवकर येतो. अम्मी गेली तेव्हा धाकटी बहीण अजून फ्रॉकात होती. तिची वेणी घालणं, तिला शाळेत ओढत नेणं, तिच्यासाठी भांडणं, सगळं माझ्याकडे आलं. एवढं अंगावर पडल्यावर माणूस गोड बोलणारं राहत नाही.

धाकटीला नर्स व्हायचं होतं. अम्मीला यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा तिथल्या एका सिस्टरनं हिला मांडीवर घेऊन बिस्किट खाऊ घातलं होतं. ते तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. दुकानाच्या कमाईवर कॉलेजची फी निघणार नव्हती. कर्ज काढावं लागणार होतं, आणि कर्ज मिळायला घरात पगार माझा एकटीचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, नुकतीच कायम झालेली. "आपाच्या पगारावर मले बँक पैशे देईन," असं धाकटी मैत्रिणींना सांगत फिरायची.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव नव्हता, बोंडं किडायची, पेरणी कधी कधी दोनदा करावी लागायची. शेतकऱ्याकडे नाही म्हणजे कोणाकडेच नाही. कापडवाला, चहावाला, आम्ही, सगळे एकाच झाडाला लटकलेलो. तेवढ्यात तांब्याचा भाव चढला. नांदेडचा तारेचा व्यापारी आधी महिनाभर थांबायचा, तो म्हणाला, आता रोख. अब्बांचे पैसे येणार पाडव्याला आणि तार पाहिजे दसऱ्याला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

अशात आमच्या शाळेत एक जण आला. गळ्यात टाय, बुटांना काळी माती चिकटलेली, घामाघूम. पगारदार माणसाला बँक क्रेडिट कार्ड देते, म्हणाला. आधी घ्या, मागून द्या. मी घरी येऊन सांगितलं तर अब्बा खूश. घरात आम्ही हिंदी-मराठी मिसळून बोलायचो, पण जन्मभर गिऱ्हाइकांत बसून अब्बांची जीभ वऱ्हाडीत मुरली होती. राग असो की माया, त्यांच्या तोंडून वऱ्हाडीच यायची. "म्हंजे बँकही उधारी देते म्हन ना!" ते म्हणाले. "मंग कायले घाबरतं? उधारीवर तं आपलं घर चालते."

कार्ड माझ्या नावाचं आलं. नांदेडच्या व्यापाऱ्याकडे कार्ड घासायचं मशीन होतं. अब्बा मला घेऊन जात, मी सही करायची, तार बसच्या टपावर चढायची. फॉर्मवर फोन नंबर दुकानाचा लिहिला होता, कारण वर्गात फोन घ्यायची सोय नव्हती. थोड्याच दिवसांत दुकानात फोन येऊ लागले. पलीकडे बँकेची, मोठ्या शहरातली कोणी मुलगी, हिंदीत बोलायची. अब्बा अदबीनं उत्तर द्यायचे, "पाडवे को देता ना बेटा, पूरा का पूरा."

"पाडवा मतलब?" ती विचारायची.

"होली के बाद आता," अब्बा समजावून सांगायचे.

रात्री जेवताना अब्बा ही गोष्ट रंगवून सांगायचे आणि आम्ही तिघंही हसायचो. तिनं म्हटलं होतं, किमान एवढे तरी भरा. अब्बांना ते ऐकून वाईट वाटलं होतं. एवढे एवढेसे भरायचे म्हणजे काय, बँकेचा विश्वास नाही का आपल्यावर? पैसे बाजूला काढलेलेच होते. जो काही रोखीचा धंदा व्हायचा, त्यातले ते धान्याच्या कोठीत ठेवलेल्या डब्यात टाकत. एक नोट त्यांनी इकडची तिकडे केली नाही. बँकेचं जे काही घेतलं ते पाडव्याला, मानानं, एकदम नेऊन द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी त्याच घरात वाढलेली. देणेकऱ्यानं असंच वागायचं असतं, एवढंच मला माहीत होतं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळला गेलो. अब्बांच्या अंगावर तोच पांढरा सदरा, पैसे रुमालात बांधून पोटाशी. बसमध्ये त्यांनी खिडकी उघडू दिली नाही. शाखेत एक मॅडम होत्या, मॅनेजर. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग अब्बांच्या रुमालाकडे पाहिलं. "काका, हे पुरणार नाहीत," म्हणाल्या. व्याज, उशिराचा दंड, त्या दंडावर पुन्हा व्याज. घेतलं होतं त्याच्या जवळजवळ दीडपट झालं होतं.

"पन मी बुडवले कुठी?" अब्बा म्हणाले. "मी तं आनले ना. हे पाहा, आनले."

माझं टाळकं सरकलं. मी त्या मॅडमवर ओरडले. शाळेत आलेला तो टायवाला, ती फोनवरची पोरगी, सगळ्यांचा उद्धार केला. पाणी भरायला आलेला माणूस दारातच उभा राहिला. मॅडम ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, बँकेला वर्षाचा पाडवा नसतो. बँकेचा पाडवा दर महिन्याला असतो. तुम्ही एवढे पाडवे चुकवलेत, आणि प्रत्येक वेळेची नोंद तुमच्या नावावर झाली आहे."

अब्बांनी रुमाल सोडला आणि सगळे पैसे भरले. परतताना आर्णीला गाडी थांबली तेव्हा मी चहा आणून दिला, तर तो हातातच निवला.

त्या नोंदीचा अर्थ आम्हाला पावसाळ्यात कळला. धाकटीला वर्ध्याकडच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली. आम्ही कर्जाचे कागद घेऊन त्याच मॅडमकडे गेलो. कर्जावर माझी सही लागणार होती, आणि माझ्या नावाची पत गेलेली. मॅडमनी कागद परत सरकवले. बाहेर येऊन बसस्टँडवर धाकटी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अशी रडली, की शेजारची बाई उठून पाणी घेऊन आली.

त्याच आठवड्यात वसुलीवाल्या माणसाचा फोन आला. उरलेल्यातले अर्धे भरा, बाकी सोडून देतो, एकदाचं मिटवून टाका. मला तर देव पावल्यासारखं झालं. इतक्या महिन्यांची कटकट जाईल, धाकटीचं पुढच्या वर्षी पाहू. पण अब्बा अडून बसले.

"अर्धे देऊन मोकळं व्हाचं? आपल्या दुकानात कोनी अर्धे देल्ले तं त्याले आपन गाठी देतो काय?"

"अब्बा, गाठ्यांचं काय घेऊन बसलात! इथे पोरीचं आयुष्य चाललं आहे!"

"म्हनूनच म्हंतो," ते म्हणाले.

मी ताट आपटलं. बापाला बोलू नये ते बोलले. तुमच्या पाडव्यानं आपलं घर बुडवलं, असंही बोलले. शेवटी धाकटीच उठली आणि म्हणाली, "उद्या मॅडमलेच विचारू. भांडून काय होते?"

मॅडमनी अब्बांची बाजू घेतली, पण कारण वेगळं सांगितलं. अर्धे भरून मिटवलं तर नावापुढे तसा शेरा बसतो आणि तो कित्येक वर्षं निघत नाही. कोणतीच बँक मग दारात उभं करत नाही. पूर्ण भरा. कार्डावर नवीन काही घेऊ नका. दर महिन्याला, तारखेच्या आत, किमान मागतात त्यापेक्षा जास्त भरत जा, म्हणजे मुद्दल कमी होईल. एक महिनाही चुकवू नका. वर्षभर हे करून दाखवा आणि मग या.

"मी थांबतो एक साल," धाकटी म्हणाली.

ते वर्ष आमचं कसं गेलं, काय सांगू! शिक्षकांच्या पतसंस्थेनं आधीच हात वर केले होते. माझ्या पगारातून घर चालायचं आणि उरेल ते कार्डाला. अब्बांनी तार भरायचं दुसरं मशीन विकलं. धाकटी कॉलेजात गेलेल्या मैत्रिणींची पत्रं वाचायची नाही, तशीच ठेवून द्यायची. दुपारी दुकानात जाऊन तारेला कापडी पट्टी गुंडाळत बसायची. तिचा हात हलका होता. अब्बा तिच्याकडे बघायचे आणि उठून बाहेर जायचे.

पैसे भरायला दर महिन्याला अब्बाच जायचे. मी शनिवारी जाते म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. पहिल्या वेळी म्हणे मॅडमना विचारून आले, "मधातच देऊन राह्यलो, राग तं नाई ना?" मॅडमना आधी कळलंच नाही, मग त्यांनी खुर्चीवर बसवून चहा पाजला. पण अब्बांना ते जड जायचं. जायच्या आदल्या दिवशी चिडचिड करायचे, सदरा इस्त्री केला तरी जुनाच घालायचे. एकदा मला म्हणाले, "अजब आहे माय हे. भरोसा नाई म्हनून दर महिन्याले मागते, आन् देल्ले की म्हंते, आता भरोसा बसला. आपल्या इथं ज्याच्यावर भरोसा, त्याले कोनी मागतच नाई."

मधला पाडवा आला. गाठ्या टांगल्या, सदरा घातला. सकाळी थोडे लोक आले, काही निम्मेच पैसे घेऊन आले आणि गाठी न घेता गेले. दुपारी दुकानासमोरचा रस्ता रिकामा. तांड्यावरचे काका आले नाहीत. मागाहून कळलं, त्यांचा कापूस हातचा गेला होता आणि ते आता बाजाराला जाताना आमच्या दुकानावरून जातच नव्हते, मागच्या गल्लीनं जायचे.

अब्बांनी एक गाठी कागदात बांधली, मला म्हणाले, चल. तांड्यावर गेलो तर काका बाजेवर बसलेले. आम्हाला पाहून उठले आणि घरात जायला लागले. अब्बांनी हाताला धरून बसवलं. म्हणाले, "भाऊ, जमन तसे द्या. महिन्याले थोडे थोडे. मधात देल्ले तरी चालते आता."

काकांचा चेहरा पडला. "खातं बंद करून राह्यला काय, मिस्त्री?"

अब्बा काकांजवळ बाजेवर बसले आणि बँकेची सगळी कहाणी सांगितली, माझ्या कार्डापासून धाकटीच्या परतलेल्या कागदापर्यंत. बाहेर कोणाला सांगितली नव्हती ती. सांगता सांगता रडले. माझ्या बापाला रडताना मी दोनदाच पाहिलं, अम्मीच्या मय्यतीला आणि त्या दिवशी. काकांनी गाठी घेतली नाही. पण पुढच्या महिन्यापासून ते पुन्हा आमच्या रस्त्यानं जाऊ लागले, आणि कधी जमलं तर दुकानात शिरून दोन नोटा ठेवायचे. दोघंही त्या वेळी एकमेकांकडे बघायचे नाहीत, दुसरंच काहीतरी बोलायचे. पाऊस, मोटार, पोरं.

कार्डाचं देणं पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर फिटलं. अब्बांना ते कात्रीनं कापून टाकायचं होतं. मॅडम म्हणाल्या, कापू नका. बंद केलं तर चांगलं वागल्याची नोंद व्हायची कुठे? महिन्याला काहीतरी बारकं घ्या आणि तारखेआधी भरून टाका. तेव्हापासून नांदेडला गेलो की अब्बा त्या कार्डावर, माझ्या सहीनं, चिकटपट्टीची दोन बंडलं घ्यायचे, बाकी सगळं रोख. दुकानात चिकटपट्टीचा ढीग झाला. "एवढ्या पट्टीत आख्खं उमरखेड गुंडाळता येते," धाकटी चिडवायची. ती पुन्हा चिडवायला लागली होती, याचंच मला बरं वाटायचं. त्याच साली तिचं कर्ज मंजूर झालं. कॉलेजनं पुन्हा जागा दिली. कर्जावर सही माझीच चालली.

ती नर्स झाली, यवतमाळलाच लागली. पहिला पगार झाला तशी सुट्टी काढून घरी आली, पाकीट अब्बांपुढे धरलं. बँकेचा हप्ता मी वेगळा काढला आहे, म्हणाली. हे तुमचे. मशीन विकलं होतं त्याचे, बसभाड्याचे. दर महिन्याला देत जाईन.

अब्बांनी हात मागे घेतला. किती वर्षांनी पाहिलं मी ते.

"काय चुकलं माहं?" ते म्हणाले. "बापासोबतचं खातं बंद करतं काय?"

धाकटी गोंधळली. मग म्हणाली, "अब्बा, तसं नाही हो..."

"मंग पाडव्याले दे. एकदम," अब्बा म्हणाले, आणि हसले. "बँकेले महिन्याले देजो. मले कायले? माहा तुह्यावर भरोसा आहे."

ती तेही खरंच धरून चालली. दर महिन्याला त्या पाकिटात टाकत राहिली.

अब्बा त्या संक्रांतीला गेले. दुकानात, मोटार उघडी ठेवून, छातीत कळ आली आणि बसल्या जागी. धाकटी यवतमाळहून येईपर्यंत दफनाची तयारी झाली होती. तिला फक्त तोंड पाहता आलं.

पाडव्याला आम्ही दोघी दुकान उघडून बसलो. गाठ्या मी आणल्या होत्या, अब्बांच्या खुंटीला टांगल्या. लोक आले. ज्यांचं होतं त्यांनी दिलं, काही जण न मागता जास्त देऊन गेले. काका आले. त्यांनी उरलेलं सगळं एकदम पुढे ठेवलं. मी गाठी दिली, तर ती डोळ्यांना लावली आणि तसेच उभे राहिले.

सगळे गेल्यावर धाकटीनं पर्समधून ते पाकीट काढलं. जाड झालं होतं. "आपा," ती म्हणाली, "पाडवा आहे ना आज. मी कोणाले देऊ?"

मी तिच्या हातातलं पाकीट घेतलं आणि तिच्याच पर्समध्ये परत टाकलं. "राहू दे," मी म्हटलं. "अब्बासोबतचं खातं बंद नाही करायचं आपल्याला."